गावच्या स्टेशनची निगा: कोकणातील स्वयंसेवकांनी सुरुवात कशी करावी

मुंबईहून रात्रभर बसून आलेला चाकरमानी पहाटे फलाटावर उतरतो, तेव्हा त्याचे घर बहुधा अजून बरेच लांब असते. राजापूर रोड, वैभववाडी रोड, संगमेश्वर रोड, सावंतवाडी रोड अशी आपल्याकडील कितीतरी स्थानकांची नावे आहेत आणि त्यांतील ‘रोड’ या शब्दाचा अर्थच असा की गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो. रेल्वेमार्ग डोंगर पोखरत आणि दऱ्या ओलांडत ज्या पातळीने गेला, त्या पातळीवर स्थानके झाली. वस्ती मात्र खाडीकाठी किंवा जुन्या बाजारपेठेभोवती राहिली. त्यामुळे कोकणातील लहान स्थानक सहसा कोणाच्याच अंगणात नसते. जाता-येता दोन कळश्या पाणी घालील असा शेजारी त्याला नसतो. स्थानकाची निगा राखू पाहणाऱ्या गटाने ही गोष्ट आधी मनात पक्की धरावी, कारण कोणते झाड लावायचे, भिंत केव्हा रंगवायची आणि किती माणसे जोडायची, हे सगळे शेवटी या अंतरावरच ठरते.

आमच्या गटाने रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान स्थानकावर काम सुरू केले, तेव्हा आम्ही हे ध्यानात घेतले नव्हते. पहिल्या जूनमध्ये पन्नासहून अधिक माणसे आली, चाळीस रोपे लागली, भरपूर छायाचित्रे निघाली. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांतील सात रोपे जिवंत होती आणि ती सातही नळाजवळची होती. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकायला मिळाले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

परवानगी

स्थानक कोणाच्या अखत्यारीत येते, हे सर्वांत आधी पाहावे. रोह्याच्या दक्षिणेस कर्नाटकातील ठोकूरपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाचा आहे. पेण, नागोठणे ही स्थानके मध्य रेल्वेची, तर पालघर-डहाणूकडील पश्चिम रेल्वेची आहेत. स्थानकाबाहेरचे आवार हा आणखी वेगळा विषय असतो. कोकण रेल्वेच्या काही स्थानकांच्या बाहेरील परिसराचे सुशोभीकरण राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने केले आहे, आणि पुढचा जोडरस्ता कधी जिल्हा परिषदेचा, तर कधी ग्रामपंचायतीचा असतो. म्हणून कुदळ मारण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना भेटून, नेमकी कोणती जागा कोणाची, हे कागदावर रेखाटून घ्यावे.

अर्ज स्टेशन मास्तरांच्या मार्फत वरिष्ठ कार्यालयाकडे जातो. कोकण रेल्वेचे असे क्षेत्रीय कार्यालय रत्नागिरीला आहे. अर्ज जितका नेमका, तितके उत्तर लवकर मिळते, असा आमचा अनुभव आहे. ‘स्थानकाचे सुशोभीकरण करण्याची परवानगी मिळावी’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला होय म्हणण्यासारखे त्यात काही सापडत नाही. त्याऐवजी फलाट क्रमांक एकवरील तिकीट खिडकीच्या डावीकडची अमुक फूट लांबीची भिंत, तिचे छायाचित्र, काम करणाऱ्यांची नावे, वार आणि वेळ, आणली जाणारी अवजारे, एक जबाबदार व्यक्ती आणि पुढील दोन वर्षांची देखभाल कोण करणार, एवढे सारे एका पानात बसवावे. यादीतील स्वयंसेवकांना कामाच्या वेळी फलाट तिकिटाची सूट मिळेल का, हेही त्याच पत्रात विचारावे. मिळाली नाही, तर तिकीट काढूनच आत जावे.

तोंडी होकारावर कधीही काम सुरू करू नये. अधिकाराविना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल असा गुन्हा आहे, आणि हातात रंगाचा डबा असल्याने त्यातून सुटका होत नाही. शिवाय अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. आमच्याकडे तोंडी हो म्हणणारे अधिकारी बदलून गेले आणि नव्यांनी काम थांबवले. त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. सगळे पत्रव्यवहार एका फायलीत लावून ठेवावेत आणि नवे अधिकारी रुजू झाले की पहिल्या आठवड्यातच ती फाईल घेऊन त्यांना भेटावे.

या भेटींइतकीच महत्त्वाची भेट स्थानकावरील सफाई कामगारांची असते, आणि ती हटकून राहून जाते. फलाट झाडणे हे त्यांचे काम आहे, त्यावर त्यांचे पोट आहे. आपण खराटा घेऊन आलो, म्हणजे त्यांचे काम नीट होत नाही असा आरोप घेऊन आलो, असे त्यांना वाटू शकते. म्हणून कोणता कोपरा त्यांना सर्वांत जास्त त्रास देतो, हे त्यांनाच विचारावे आणि तेथूनच सुरुवात करावी. आमच्या स्थानकावर ती जागा जिन्याखालची होती: पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली, अंधारी आणि कायम ओली. तेथे दिव्याची मागणी लावून धरली, भिंत साबणाने व ताठ ब्रशने तीन वेळा घासली आणि मग तिला चुन्याचा पांढरा हात दिला. उजेड आल्यावर तेथे थुंकणे पुष्कळच कमी झाले.

गाडी आणि तार

लहान स्थानकांवर सर्व गाड्या थांबत नाहीत. न थांबणारी गाडी कडेच्या फलाटावरून वेगाने जाते आणि तिच्या वाऱ्याने टोपली, गोणपाट, कागद उडतात. त्यांना धरायला माणूस नकळत पुढे जातो. त्यामुळे काम नेहमी पिवळ्या रेषेच्या बरेच आत करावे आणि प्रत्येक वेळी एका व्यक्तीला केवळ लक्ष ठेवण्यासाठी उभे करावे. तिने हातात काहीही घेऊ नये. गाडीची घोषणा झाली की तिने मोठ्याने सांगावे आणि सर्वांनी अवजारे खाली ठेवून भिंतीकडे सरकावे. इशाऱ्यासाठी शिटी वापरू नये, कारण गाडी सोडताना गार्डही शिटी वापरतात. लाल किंवा हिरवे फडके, झेंडे, पताका रुळांच्या बाजूस लावू नयेत. चालकाच्या दृष्टीने ते रंग म्हणजे सिग्नल आहेत. गटाला कपडे द्यायचेच असतील, तर फिकट पिवळ्या रंगाची जाकिटे बरी.

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून वरच्या तारेत २५,००० व्होल्ट दाबाचा प्रवाह असतो. ही तार घरातल्या तारेसारखी नाही. तिला स्पर्श न होताही, केवळ जवळ गेल्याने जीव जाऊ शकतो. लोखंडी शिडी, आकडी बांधलेला लांब बांबू, झाडाची उंच फांदी किंवा पाण्याचा उंच फवारा यांपैकी काहीही तारेच्या बाजूस नेऊ नये. रेल्वेकडून तारेपासून दोन मीटर अंतराचा नियम सांगितला जातो. स्वयंसेवकाने याहून पुष्कळ दूरच राहावे. आमच्या गटाचा नियम असा की उभ्या माणसाच्या हाताला पोहोचते, तेवढेच काम आपले. त्यावरचे काम रेल्वेचे.

रुळांवर उतरू नये, रुळांमधला कचरा उचलू नये, केबल, पेट्या, सिग्नलचे खांब यांना हात लावू नये. बेवारस पिशवी दिसली, तर ती न हलवता स्टेशन मास्तरांना किंवा रेल्वे सुरक्षा दलाला सांगावे. १३९ हा रेल्वेच्या मदतवाहिनीचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा. शाळेची मुले आणायची असतील, तर त्यांना फलाटावर नव्हे, बाहेरच्या आवारात काम द्यावे.

झाडे: कोकणाच्या पंचांगाप्रमाणे

झाडांच्या बाबतीत आपल्याकडील मोठी फसगत पावसाने होते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याची अडचण येईल, हे जूनमध्ये कोणाला खरे वाटत नाही. पण स्थानकाची जमीन बहुतेक ठिकाणी कापलेल्या जांभ्याची किंवा भरावाची असते. जांभा पाणी धरत नाही. दिवाळीनंतर वरचा थर कोरडा पडतो आणि होळीपर्यंत तो इतका तापतो की उथळ लावलेल्या रोपाची मुळे भाजून निघतात.

म्हणून खड्डे जूनमध्ये नव्हे, एप्रिल-मेमध्ये काढावेत. पहारीने दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असा खड्डा घ्यावा, तो पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा, मग शेतातील माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा यांनी भरावा. पहिल्या मुसळधार सरी जाऊन पाऊस स्थिरावला की, म्हणजे साधारण जूनच्या उत्तरार्धात, रोप लावावे. रोपाभोवती पावसाळ्यात मातीची लहान भर द्यावी, म्हणजे बुंध्याशी पाणी साचत नाही. दसऱ्यानंतर ती भर मोडून आळे करावे आणि त्यात वीतभर जाडीचा पाला अंथरावा. हा पाला जाळू नये. मार्चपासून सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावरचे, गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने वणवा लागतो, आणि रेल्वेच्या हद्दीत आग लावणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

उन्हाळ्यातील पाण्यासाठी आम्हाला मडक्यांचा फार उपयोग झाला. कुंभाराकडून साधे, न रंगवलेले मडके घ्यावे आणि रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे. ते भरून तोंडावर नारळाची करवंटी पालथी घालावी, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि डासही होत नाहीत. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू मुळांकडे झिरपते. रोज शिंपण्याऐवजी तीन दिवसांनी एकदा मडके भरले तरी आमची रोपे तगली, आणि स्थानकापासून सहा किलोमीटर लांब राहणाऱ्या गटाला हा फरक जगण्या-मरण्याइतका वाटला. पिण्याच्या पाण्याचा नळ यासाठी वापरू नये. स्थानकाची टाकी बहुधा मर्यादित असते. पाणी कोठून घ्यायचे, ते परवानगीतच ठरवून घ्यावे.

कोणती झाडे लावावीत, यावर प्रत्येकाचे मत असते. माझे मत असे की परगावच्या रोपवाटिकेतून आणलेल्या शोभेच्या रोपांपेक्षा आपल्या परड्यातील झाडे स्थानकाला जास्त शोभतात आणि जास्त टिकतात. फलाटालगतच्या वाफ्यात जास्वंद, अबोली, पिटकुळी, तगर, अनंत आणि ओलसर जागी कर्दळ लावावी. ती फार उंच होत नाहीत आणि फांदी किंवा, कर्दळीच्या बाबतीत, कंद लावूनही येतात, त्यामुळे गावातल्या घराघरांतून फुकट मिळतात. आमच्या वाफ्यातील प्रत्येक जास्वंद कोणाच्या ना कोणाच्या अंगणातून आलेली आहे, आणि त्या घरची माणसे गाडीला आली की आपले झाड पाहूनच पुढे जातात. बाहेरच्या आवारात, तारा आणि इमारतीपासून पुरेशा अंतरावर, बकुळ, सोनचाफा, सीता अशोक, सुरंगी आणि तामण लावावीत. सुरंगी सावकाश वाढते, पण शिमग्याच्या सुमारास फुलते. तामण वैशाखात जांभळ्या फुलांनी भरते आणि ते आपल्या राज्याचे फूल आहे. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, नारळाची झाप आणि नारळ खाली उभ्या असलेल्या माणसावर पडतात आणि कण्हेर विषारी असते, म्हणून ही तीन टाळावीत. कुंड्या ठेवायच्या असतील, तर त्या भिंतीला टेकवून ठेवाव्यात. अंध प्रवाशांसाठी बसवलेल्या उठावदार पिवळ्या फरश्यांवर किंवा चाकाच्या खुर्चीच्या वाटेत कुंडी येता कामा नये.

गवत काढताना सापांचे भान ठेवावे. सड्यावरच्या दगडांखाली फुरसे असते. ते लहान दिसते, मातीच्या रंगात मिसळून जाते आणि त्याचा दंश घातक ठरू शकतो. चिरा किंवा दगड उघड्या हाताने उचलू नये. आधी काठीने किंवा कुदळीने उलटवावा. गमबूट आणि जाड हातमोजे वर्षभर वापरावेत, कारण पावसाळ्यात चिखलातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोकाही असतो. दंश झालाच, तर बांधणे, चिरणे, मंत्र यांत एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष असते, ते काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवावे.

भिंत रंगवणे

रंगाचा हंगाम दिवाळी ते शिमगा हा आहे. मे महिन्यात सुट्टीची माणसे मिळतात म्हणून घाईने रंगवलेली भिंत जूनच्या ओलीने सप्टेंबरपर्यंत पापुद्रे टाकते. आमची पहिली भिंत अशीच गेली. भिंत आधी तारेच्या ब्रशने घासून शेवाळ पूर्ण काढावे, धुवावे आणि किमान आठ दिवस उन्हात वाळू द्यावे. भेगा भराव्यात, प्रायमरचा एक हात द्यावा आणि मग बाहेरच्या भिंतींसाठीच्या रंगाचे दोन हात द्यावेत. जमिनीपासून तीन फुटांचा पट्टा गडद ठेवावा, कारण पावसाचे उडालेले शिंतोडे आणि टेकलेले पाय तेथेच उमटतात. जांभ्याच्या उघड्या चिऱ्याची भिंत मात्र रंगवू नये. तिचा तांबूस रंग हीच आपल्या मुलखाची ओळख आहे आणि रंग दिल्याने तिच्यातील ओल आत कोंडते.

स्थानकाच्या नावाचे फलक, सूचना, बाण, डब्यांचे क्रमांक यांना रंगाचा थेंबही लागू देऊ नये. प्रवासी त्यांच्याच आधाराने धावतो.

चित्रे काढायची असतील, तर विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बल्लारशा आणि चंद्रपूर ही स्थानके ताडोब्याच्या जंगलाच्या चित्रांनी सजली, बिहारमधील मधुबनी स्थानक तेथील घरोघरच्या चित्रशैलीने सजले, आणि २०१८ मध्ये रेल्वेने या स्थानकांचा गौरव केला, तो त्यांच्या भिंतींवर त्यांचा स्वतःचा प्रदेश दिसला म्हणून. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, परंपरा आहे आणि तिच्या जपणुकीसाठी परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आहे. सावंतवाडीत गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते, आहेत. उक्षी या लहान स्थानकाच्या गावात तर कातळावर कोरलेला भव्य हत्ती आहे आणि कोकणातील ज्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यांत तोही आहे. फक्त एक पथ्य पाळावे: पारंपरिक कलाकाराला बोलावले, तर त्याचे मानधन आधी ठरवावे आणि वेळेवर द्यावे. गटातील बाकीचे सगळे विनामूल्य राबत आहेत, म्हणून ज्याचे पोट त्या कलेवर आहे त्यानेही फुकट राबावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याला भिंत तयार करून देणे, रंग कालवून देणे, पार्श्वभूमी भरणे ही कामे आपण करावीत.

देणगीदारांची नावे हातभर पाटीवर एकदाच लिहावीत. पक्षांची चिन्हे आणि पुढाऱ्यांची छायाचित्रे पहिल्या दिवसापासून नाकारावीत. एकाचे लावले की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

चित्रापेक्षाही प्रवाशाला उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वाटांचा फलक. स्थानकातून कोणत्या गावाला किती किलोमीटर, एसटी कोठे आणि किती वाजता मिळते, रिक्षाथांबा कोणत्या बाजूला, जवळचे आरोग्य केंद्र कोठे, हे हाताने काढलेल्या नकाशावर ठळक मराठीत लिहून, परवानगीने, बाहेरच्या दाराशी लावावे. एसटीच्या वेळा बदलतात, म्हणून तेवढा भाग खडूने लिहिता येईल असा काळा ठेवावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते. त्या दिवशी हा भागही नव्याने लिहावा.

कचरा, पैसा आणि कामाच्या पाळ्या

कचराकुंडी ठेवण्यापूर्वी ती कोण रिकामी करणार, हे ठरवावे. ग्रामपंचायतीची घंटागाडी स्थानकापर्यंत येत नसेल, तर कुंडीभोवतीच उकिरडा होतो. रेल्वेच्या आवारात घाण करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद आहे, पण तो अधिकार रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा आहे. स्वयंसेवकाने प्रवाशाशी हुज्जत घालू नये. पडलेले वेष्टन त्याच्यासमोर शांतपणे उचलावे.

पैशाचा हिशेब दोघांनी ठेवावा, पावतीशिवाय रुपयाही घेऊ नये आणि दर महिन्याला हिशेब गटासमोर वाचावा. शक्य तेथे रोख रकमेऐवजी वस्तू घ्याव्यात: एकाकडून शेणखत, एकाकडून मडकी, एकाकडून रंगाचा डबा.

माणसांच्या बाबतीत पन्नास जणांच्या एका दिवसापेक्षा सात जणांचे सात वार शतपटीने बरे. वार निवडताना ज्याला त्या दिवशी तसेही स्थानकाकडे जावे लागते, त्याला तो द्यावा: आठवडी बाजाराला पॅसेंजरने जाणारी मावशी, स्थानकावर रिक्षा लावणारा दादा, चिपळूणला किंवा कुडाळला कॉलेजला जाणारी मुलगी. त्यांचे अंतर आधीच तोडलेले असते. गणपतीच्या आणि शिमग्याच्या गर्दीत कोणतेही काम काढू नये. त्या दिवसांत फलाटावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि कळशी घेऊन फिरणारा माणूस अडथळाच होतो.

सर्वांत अवघड महिना मे. कॉलेजच्या मुली घरी असतात, रिक्षावाल्यांना पर्यटकांमुळे उसंत नसते आणि मडकी तर दोन दिवसांतच आटू लागतात. त्या महिन्याची पाळी आम्ही सुट्टीला आलेल्या मुंबईकर कुटुंबांकडे देतो. एप्रिलमध्ये त्यांना फोन करून वार विचारून घ्यावेत. पाळ्यांची एक वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर मडक्यांच्या जागा, त्यांची संख्या, पाणी कोणत्या टाकीतून घ्यायचे आणि कळशी कोठे ठेवली आहे, हे मोठ्या अक्षरांत लिहून वही स्टेशन मास्तरांच्या संमतीने त्यांच्या खोलीबाहेरच्या खुंटीला टांगावी, म्हणजे पहाटेच्या गाडीने उतरणारे कुटुंब घरी जाण्याआधीच पहिली फेरी करून जाते.